नाखव्याच्या लॉरीचे दिवे

अलिबागपासून धरमतरपर्यंतच्या रस्त्यावर आजही एखादा म्हातारा ड्रायव्हर तुम्हाला सांगेल की जोमा नाखव्याच्या लॉरीचे दिवे माशाच्या तेलाने बरे झाले. हे साफ खोटे आहे. ते दिवे मी बरे केले. तेलाने ते बिघडले होते. एवढे एक वाक्य तुमच्या दिवाळी अंकात छापा, मला दुसरे काही सांगायचे नाही, असे मी संपादकांना म्हणालो. ते म्हणाले, एका वाक्याचा लेख होत नाही, जरा खुलवून लिहा. म्हणून खुलवून लिहितो आहे. पण जे म्हणायचे ते वर म्हणून झाले आहे, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

मोटारीचे काम मला कुणी शिकवले नाही. मुंबईत एका शेटजींच्या मोटारी धुण्यासाठी मी होतो. तिथले मिस्त्री इंजिन उघडले की माझ्याकडे पाठ करून बसत. मग मी गाडीखालचा चिखल धुण्याच्या निमित्ताने खाली शिरायचो आणि खालून बघायचो. त्यामुळे मोटारीची खालची बाजू मला आधी कळली आणि वरची नंतर. पुढे असे झाले की किहीमच्या नारळीच्या वाड्यांत मुंबईची बडी मंडळी बंगले बांधून राहायला येऊ लागली. त्यांच्या मोटारी वाळूत रुतायच्या, खाऱ्या हवेने गंजायच्या आणि मालक भाड्याचे बैल जुंपून त्या ओढत आणायचे. बैलांना जे भाडे मिळते ते आपल्याला का मिळू नये, असा विचार करून मी गावी परतलो आणि बंदराच्या रस्त्याला एका चिंचेखाली दुकान मांडले.

दुकान म्हणजे चिंच, एक फळी आणि हत्यारांची पेटी. उन्हाळ्यात ठीक. पावसाळा आला की हत्यारे गोणपाटात गुंडाळून घरी बसायचे, आणि लोकांच्या गाड्या तर नेमक्या पावसाळ्यात बिघडायच्या. मला छप्पर हवे होते. त्या रस्त्यावर छप्पर एकच होते, जोमा नाखव्याची खोप. खोप म्हणजे पावसाळ्यात होडी ठेवायचा नारळीच्या झापांचा मांडव. जोमाने आपला मोठा मचवा विकून मासळी वाहायला एक जुनी लॉरी घेतली होती, आणि मचव्याची ती लांबरुंद खोप रिकामी पडली होती. मी ती भाड्याने मागितली. जोमा म्हणाला, आयला विचारतो.

आय म्हणजे हिरूआय, जोमाची आई. नाखवा म्हणून नाव जोमाचे, पण घरातली मासळी, पैसा आणि जोमा हे तिन्ही हिरूआयच्या ताब्यात. तिने मला नाही म्हणून सांगितले. कारण दिले नाही. पुन्हा गेलो तर म्हणाली, खोपीत मचव्याचा जीव अडकलाय, तिथं मोटारींचा धूर नको. मी सौदा करण्यात कुणाला हार जाणारा माणूस नाही. पण जो माणूस किंमतच सांगत नाही त्याच्याशी सौदा करणार कसा? मी चडफडत चिंचेखाली परतलो आणि वाट बघत बसलो.

संधी आणली ती दिव्यांनी.

लॉरी छोटी होती, मागे उघडी, आज जिला पिकअप म्हणतात तशी. कुठल्याशा सोडावॉटरच्या कारखान्यात तिचे अर्धे आयुष्य गेले होते आणि बाजूच्या फळीवर रंगवलेली एक पुसट बाटली अजून दिसायची. चालवायला हसनमियां होता, उंच, सुरमा घालणारा, बोलायला गोड. पहाटे अंधारातच मासळीच्या टोपल्या घेऊन तो निघे, कार्लेखिंड ओलांडून धरमतरला पोचे, आणि माल तिथे होडीत चढवी. नारळी पौर्णिमा होऊन हंगाम सुरू झाला आणि लॉरीचे दिवे मिचकायला लागले. खड्डा आला की विझायचे, पुढचा खड्डा आला की लागायचे. खिंडीत तर एका वळणावर उजेड आणि दुसऱ्यावर काळोख.

ड्रायव्हरचा जीव जातो तो काळोखाने. पण बंदरावर गाजले ते दुसरेच. पहाटे डोक्यावर पाट्या घेऊन बाजाराला चालत जाणाऱ्या बायकांनी येऊन तक्रार केली की हसनमियां गाडीतून डोळे मारतो. हसनमियांने कानाला हात लावले. "तोबा, मिस्त्री. डोळे मी नाही, गाडी मारते. आणि ती बैलांनाही मारते, ते कुणी सांगत नाही."

त्यातच अलिबागेला मोटारी तपासणाऱ्या साहेबांची फेरी जवळ आली. ज्या गाडीचे दिवे नीट नाहीत तिचा परवाना बंद, असा त्यांचा खाक्या. मचवा विकलेला, आणि लॉरी उभी राहिली तर घरात मासळी असून विकायची कशी? हिरूआय स्वतः चालत चिंचेखाली आली. ती आली तेव्हाच मला कळले की आज खोपीला किंमत आहे.

मी म्हणालो, मजुरी नको, खोप हवी. ती म्हणाली, खोप सोडून बोल. मी पान्हे पेटीत भरायला लागलो. ती निघून गेली. थोड्या वेळाने परत आली. मग असे ठरले की साहेबांपुढे दिवे न मिचकता जळले तर खोप माझी, भाडे म्हणून लॉरीची देखभाल. आणि साहेबांपुढे एकदा जरी मिचकले तर खोपीचे नाव पुन्हा काढायचे नाही, शिवाय वर्षभर लॉरीचे काम फुकट. मी हातावर हात मारला. माझी खात्री होती. दिवा हा मोटारीतला सगळ्यात सोपा आजार आहे.

बाहेरच्या माणसाला समजावून सांगतो. घरातल्या दिव्याला दोन तारा लागतात, मोटारीतल्या दिव्याला एकच. बॅटरीतली वीज तारेने दिव्यापर्यंत जाते आणि परत येते ती गाडीच्या लोखंडातून. दिव्याचे बूड मडगार्डला, मडगार्ड सांगाड्याला, आणि सांगाड्याला एका बोल्टने आवळलेली जाड पट्टी, तिचे दुसरे टोक बॅटरीला. या वाटेवर सगळीकडे लोखंडाला लोखंड भिडलेले असावे लागते. मध्ये कागदाएवढे काही आले तरी वाट अडते. मग गाडी हिसकली की लोखंड टेकते आणि दिवा लागतो, पुन्हा हिसकली की सुटते आणि दिवा जातो. एकच दिवा मिचकत असेल तर खोड त्या दिव्याजवळ शोधावी. इथे दोन्ही एकदम मिचकत होते, म्हणजे खोड दोघांच्या सामाईक वाटेवर.

लॉरी मी खोपीजवळ उभी करवली आणि दिवसा दिवे बघता यावेत म्हणून जोमाचे एक जुने शीड तिच्यावर पांघरले. बटण तपासले, ठीक. बॅटरीची टोके तपासली, ठीक. मग एक सुटी तार घेतली, तिचे एक टोक दिव्याच्या बुडाला आणि दुसरे थेट बॅटरीला टेकवले. दिवे एकदम टक्क. लॉरीला लाथ मारली, हलवली, तरी टक्क. तार काढली, मिचकायला लागले. म्हणजे परतीची वाट अडली होती. पट्टीचा बोल्ट खोलला, तर आत तेलात भिजवलेला कापूस. बोल्टला गुंडाळलेला, पट्टीखाली दाबून बसवलेला, वर राळेचा थर.

त्या सोडावॉटरच्या कारखान्यातल्या मिस्त्रीला मी त्या दिवशी ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. तेलाचा वास आला होता, पण मासळीच्या लॉरीला वास येतो म्हणून कोण संशय घेईल? कापूस फेकला, राळ खरवडली, कानशीने लोखंड चकचकीत केले, बोल्ट आवळला. दिवे सूर्यासारखे. हसनमियां खिंडीपर्यंत चक्कर मारून आला आणि माझ्या हाताचा मुका घेतला. मी चिंचेखाली जाऊन मनातल्या मनात खोपीत भिंत कुठे घालायची ते ठरवत बसलो.

दोन-तीन दिवसांनी लॉरी पुन्हा डोळे मारायला लागली.

बोल्ट खोलला. आत कापूस. ताजा, तेलाने ठिबकणारा. आता सोडावॉटरवाल्याला दोष देता येईना. माझा संताप झाला आणि समोर हसनमियां उभा होता. मी त्याला विचारले, कुणाकडून पैसे खाल्लेस? माझी खोप बुडवायला तुला कुणी फितवले? तो आधी हसला, मग चिडला. त्याने त्याच्या पिराची शपथ घेतली. मी म्हणालो, शपथेने दिवे जळत नाहीत. तो म्हणाला, "मिस्त्री, काळोखात खिंडीतून गाडी मी नेतो. मरायचं असलं तर कापसाची गरज काय? डोळे मिटले तरी पुरे."

मी आणखी ओरडलो. शेवटी दोघांचे ठरले की पुन्हा दुरुस्त करायचे आणि पाळत ठेवायची. मी खरवडले, कानस मारली, आवळले, आणि मोठ्याने सगळ्यांना ऐकू जाईल असा निरोप घेऊन घरी गेल्याचे सोंग केले. मग मागच्या बाजूने वळसा घालून दोघे बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या रांगांआड येऊन बसलो. भर दुपार होती. डोक्यावर बोंबील, खाली तापलेली वाळू. हसनमियांच्या सुरम्याचे ओघळ गालावर आले होते.

तेवढ्यात हिरूआय आली. एका हातात तेलाची करवंटी, दुसऱ्या हातात कापूस. मागून जोमा पान्हा घेऊन. तिने लॉरीच्या पायरीजवळ बसकण मारली, मी घासून चकचकीत केलेल्या लोखंडावरून बोट फिरवले आणि च्च च्च केले. एखाद्या पोराचा गुडघा खरचटला की करतात तसे. जोमाने बोल्ट खोलला. तिने कापूस तेलात बुडवून बोल्टला निगुतीने गुंडाळला.

मी उठलो तो काठीवरचे बोंबील अंगावर घेऊनच उठलो.

"आय, काय चाललंय?"

ती दचकलीसुद्धा नाही. "तुझं पाप निस्तरतेय," ती म्हणाली. "लोखंड उघडं टाकून घरला गेलास. खाऱ्या वाऱ्यानं खाल्लं म्हंजी? एवढी पन अक्कल न्हाय व्हय रं तुला?"

मग सगळे बाहेर आले. होडी समुद्रात घालण्याआधी हे कोळी लोक तिला घासून माशाचे तेल आणि राळ लावतात. प्रत्येक खिळा तेलात भिजवलेला कापूस गुंडाळूनच ठोकतात, म्हणजे फटीतून पाणी येत नाही. मचवा गेला आणि लॉरी आली, तेव्हा नारळी पौर्णिमेआधी हिरूआयने मचव्याचे सगळे सोपस्कार लॉरीचे केले होते. हाताला लागेल तो बोल्ट खोलून कापूस भरला होता. हसनमियांला तेव्हा एवढेच कळले होते की हातातले चाक तेलकट लागते. आणि होडीवर खरवडलेली उघडी जागा दिसली की ज्याच्या नजरेला पडेल त्याने तिथे तेल लावायचे, हा त्यांच्याकडे रिवाज. मी खरवडत होतो, ती रिवाज पाळत होती.

मी तिला वीज समजावून सांगायला लागलो. वीज इथून जाते, तिथून परत येते, मध्ये कापूस आला की अडते. तिने सगळे शांतपणे ऐकले.

"म्हंजी फट ठेवायची?"

"फट नाही, आय. लोखंडाला लोखंड चिकटायला हवं."

"आनि खारं पानी?"

"होडी पाण्यात असते. ही रस्त्यावर असते."

तिने लॉरीच्या मागच्या बाजूकडे बोट केले. सकाळच्या टोपल्यांचे खारे पाणी फळ्यांतून अजून ठिबकत होते आणि नेमके सांगाड्यावर पडत होते.

आता हे मी लिहितो आहे ते संपादकांनी खरे लिहा म्हटले म्हणून. बंदरावरच्या बाकीच्या गाड्यांचे बोल्ट वर्षभरात गंजून झिजायचे आणि मग दिवे मिचकायचेच. म्हणजे आत लोखंड उघडे हवे, हे माझे बरोबर होते, आणि बाहेरून ते झाकायला हवे, हे तिचे. मलाही ते सुचणारच होते, पण ती बोलू देईल तर ना.

तिथेच पायरीजवळ बसून आमचा तह झाला. तासभर आवाज चालला होता. जोमा मध्येच उठून जेवून आला. शेवटी ठरले की बोल्टच्या आत माझे राज्य आणि बोल्टच्या बाहेर तिचे. मी घासून आवळायचे, मग तिने वरून हवे तितके तेल आणि राळ चोपडायची. कापूस बंद. कापसावर ती फार वेळ अडली. मी म्हणालो, कापूस राहिला तर परवाना गेला. तेव्हा कुठे तिने कापूस कमरेला खोवला.

तपासणीच्या दिवशी आम्ही सगळे अलिबागेला गेलो. हिरूआय मागे रिकाम्या टोपल्यांवर बसून आली. आठ-दहा लॉऱ्या रांगेत उभ्या होत्या. साहेब आपलेच मराठी गृहस्थ होते, पण टोपीमुळे इंग्रजी बोलायचे. त्यांनी लॉरी एका कौलारू पडवीच्या सावलीत घ्यायला लावली, दिवे लावायला सांगितले आणि हातातल्या छडीने मडगार्डवर धाडधाड मारायला सुरुवात केली. समोरचा, बाजूचा, मागचा पत्रा, काही सोडले नाही. माझी नजर दिव्यांवर होती आणि माझी सगळी खोप त्या काचांच्या मागे होती. हसनमियां ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होता. साहेबांनी शेवटी इंजिन चालू ठेवून गाडी खड्ड्यातून पुढेमागे करायला लावली.

दिवे हलले नाहीत.

साहेब खूश झाले. वाकून त्यांनी बोल्ट पाहिले आणि नाक मुरडले. मग मराठीत विचारले, "या किनाऱ्यावरच्या गाडीला गंज कसा नाही? काय केलंत?"

मी पुढे झालो. सांगायचे ते मी तोंडपाठ करून आलो होतो. पण टोपल्यांवरून आवाज आला.

"तेल," हिरूआय म्हणाली. "माशाचं. घरचं हाय."

साहेबांनी मान डोलावली आणि रांगेतल्या बाकीच्या मालकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की या बाईंकडून शिका. मी मध्ये पडून आवळण्याबद्दल आणि कानशीबद्दल सांगू लागलो, पण साहेब पुढच्या गाडीकडे गेले होते आणि बाकीचे सगळे टोपल्यांभोवती जमले होते. हिरूआय तेलाचा भाव सांगत होती.

तिने शब्द पाळला, हे कबूल केले पाहिजे. खोप मला मिळाली. मी भिंती घातल्या, झाप काढून कौले चढवली, मध्ये खड्डा खणला, म्हणजे आता गाडीखाली निजायला नको. पहिल्या पावसाळ्यात बाहेर धो धो कोसळत असताना मी आत कोरड्या जमिनीवर उभा राहून बोल्ट आवळला, तेव्हा माझे डोळे भरून आले होते, हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. फक्त एक गोष्ट ठरताना माझ्या ध्यानात आली नव्हती. खोपीच्या तोंडाशी जी ओटी होती ती सौद्यात आली नव्हती. तिथे हिरूआय तेलाचे पिंप घेऊन बसली.

मालक आणि ड्रायव्हर लांबून लांबून यायला लागले. पालीहून देवदर्शनाच्या गाड्या नेणारे आले, माणगावच्या बाजारातले व्यापारी आले. ते आधी ओटीवर थांबायचे. ती त्यांना सगळे नीट सांगायची, आधी घासा, आवळा, मग वरून लावा. मी आतून ऐकत असायचो, म्हणून खात्रीने लिहितो. पण पुरुषमाणूस बाईकडून तेल घेतो, कृती ऐकून घेत नाही. घरी जाऊन ते बोल्ट खोलून आतबाहेर तेल ओतायचे. एका माणगावच्या शेटने बटणातसुद्धा ओतले. त्याने दिवा लावला की भोंगा वाजायचा. आठवड्याभरात सगळ्यांचे दिवे मिचकायला लागत आणि सगळे माझ्या खड्ड्यावर येऊन उभे राहत. मी खोलायचो, पुसायचो, घासायचो, आवळायचो आणि शिव्या द्यायचो. गाडी बरी झाली की मालक जाताना ओटीवर थांबून हिरूआयच्या पाया पडायचे. म्हणायचे, आय, तुझ्या तेलाला गुण हाय, जरा उशिरा येतो एवढंच.

एक दिवस माझा बांध फुटला. मी पान्हा आपटून बाहेर आलो आणि तिला म्हणालो, की हे लोक चुकीच्या जागी तेल ओततात हे तुला दिसते, मग ओरडून का सांगत नाहीस? माझे नाव कुठेच नाही. सगळे श्रेय तेलाला.

तिने पिंपावर झाकण ठेवले. "माजं तेल खपतंय," ती म्हणाली. "तुजा खड्डा कंदी रिकामा हाय का? मंग कुनाच्या नावानं बोंबलतोस?"

मी आयुष्यभर बोहरी, भाटिये, मुंबईचे दलाल यांच्याशी भाव केले. पण त्या दिवशी मी पान्हा उचलून परत खड्ड्यात उतरलो.

पुढे हिरूआय गेली. पिंप उठले. हसनमियां आफ्रिकेच्या बोटीवर गेला. जोमाने पुन्हा मचवा घेतला, कारण लॉरीवर त्याचे मन कधी बसलेच नाही. ओटी मोकळी झाली, तेव्हा मी अलिबागेहून रंगारी बोलावला आणि दारावर भला मोठा फलक लावला. माझे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, लाल अक्षरांत, आणि खाली मोटार मेकॅनिक. फलक वर चढला त्याच दिवशी पोयनाडकडून एक लॉरी आली. ड्रायव्हर नवखा होता. त्याने गाडी हळू केली, फलक अक्षर न् अक्षर वाचला आणि सरळ पुढे निघून गेला.

अर्ध्या तासाने तो उलटा आला. खाली उतरून पुन्हा फलकाकडे बघितले आणि संकोचत म्हणाला, "पुढं विचारलं तर म्हनाले, मागं राह्यलं. हिरूआयचं ग्यारेज ते कुठलं, मिस्त्री?"

मला चढलेला राग त्याला दिसला असावा, कारण तो एक पाऊल मागे सरला. त्याच्या गाडीचे दिवे भर दुपारी लागलेले होते आणि इंजिनच्या धक्क्यासरशी दोन्ही एकदम मिचकत होते.

"हेच," मी म्हणालो. "घ्या आत."